परमुलखातली येळवस

परवा येळवस झाली. कॅलेंडरवाले वेळा अमावास्या छापतात, छापोत बापडे. आमच्या लातूर-उदगीरकडं ती येळवसच. त्या दिवशी लातुरात कुणाला सुई-दोरा हवा असला तरी मिळायचा नाही. बाजाराची शटरं खाली, रिक्षा गायब, आमच्या शाळेला सुटी, आणि सकाळपासून एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं, मधल्याच्या मांडीवर आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर. नव्यानं बदलून आलेला एखादा साहेब घाबरून विचारतो, कर्फ्यू लागलाय का म्हणून. मी शाळेत मराठी शिकवते, तरी येळवस म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला मला धड सांगता येत नाही. एवढंच सांगते की या दिवसांत जमीन पोटुशी असते आणि आम्ही तिचं डोहाळजेवण करतो. ऐकणारा हसतो. हसू दे.

उदगीरजवळचं आमचं रान काही फार मोठं नाही. पण येळवशीला तिथं गेलं की मला लहान झाल्यासारखं होतं, वय विसरायला होतं. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, पानांवरची आंबट आंब बोटाला लागते नि बोट तोंडात जातं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, करडईचे काटे साडीला ओढत असतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करायची, तिच्यावर शाल टाकायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. तूर, वाल, वाटाणा, हरभरा, सगळं एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून लसूण-जिऱ्यानं खमंग केलेली आंबील. आंबील आधी रानाला. पिकात ती चारी बाजूंनी शिंपायची, मग माणसांनी बसायचं. आणि त्या दिवशी कुणाचंही रान कुणालाही मोकळं. ज्याला रान नाही तो दिसेल त्या खोपीत शिरतो नि पंगतीला बसतो. जितकी माणसं जास्त, तितकं मालकाला बरं वाटतं.

आमच्या शेजारचं रान रशीदचाचांचं. तेही येळवस करतात, आमच्याइतकीच मनापासून. दुपार कलली की अप्पा बांध ओलांडून त्यांच्या खोपीत जायचे, स्वतःच्या हातानं वाटी बुडवून आंबील प्यायचे नि तिथंच घोंगडीवर आडवे व्हायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत आहे. आता वय झालं, ऐकायला कमी येतं, पण गादीवर जाऊन बसल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी उभ्या जन्मात एकही येळवस चुकवली नव्हती. आई गेली त्या सालीसुद्धा त्यांनी एकट्यानं आंबील शिंपली होती.

गेल्या साली मात्र येळवशीला आम्ही बाप-लेक ऑस्ट्रेलियात होतो. माझा धाकटा भाऊ बसवराज, आमचा बसू, तिथं नोकरीला आहे. किती वर्षं तो या म्हणत होता, शेवटी मीच अप्पांना भरीला घातलं. निघायच्या आधी बसूनं फोनवर नियमांचा असा पाढा वाचला की ऐकूनच मला घाम फुटला. बी-बियाणं आणायचं नाही. लोणचं नको. चपलेला माती नको. रांगेत मध्ये घुसायचं नाही. फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. कुणाच्या पोराचा गालगुच्चा घ्यायचा नाही. कुणाच्या दारात न कळवता जायचं नाही. मी म्हटलं, अरे, श्वास तरी घ्यायचा का? अप्पा मात्र शांतपणे ऐकून घेत होते. फोन ठेवला नि चपला घेऊन बोअरवर गेले. टाचेच्या खाचा ब्रशनं घासून काढल्या, उन्हात वाळवल्या, आणि घरी येताना हातात धरून अनवाणी आले, पुन्हा माती लागू नये म्हणून.

अप्पांना परमुलखात कसं वागायचं हे शिकवायची गरज नव्हती. तरुणपणी धान्याच्या खरेदीला ते देगलूर, मुखेड, पार बिदरपर्यंत हिंडलेले. देगलूरच्या बाजारात कामापुरतं तेलुगू बोलायचे, उदगीरच्या पेठेत कानडी. मला सांगायचे, दुसऱ्याच्या गावात गेलं की आधी गप बसावं. लोक कुठं चपला काढून राहिले ते बघावं, कोण आधी बोलतंय ते बघावं, तहान नसली तरी दिलेलं पाणी प्यावं. त्या गावाला आपण खुपलो नाही पाहिजे. देश तसा वेश, ही म्हण मी वर्गात फळ्यावर लिहून देते. अप्पा ती मोंढ्यात पाळत आले. आता बोला.

वाटेत परदेशात विमान बदललं, तिथं तपासणी होती. अप्पांच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत. आम्हा लिंगायतांच्या घरी ते अंगावरून उतरत नाही. ट्रेमध्ये ठेवा म्हणाले तर अप्पा काय करतील या धास्तीनं मी आधीच शब्द जुळवत होते. माझं इंग्रजी म्हणजे वाचून कळतं, बोलायला गेलं की घशात अडकतं. पण अप्पांनी खांद्यावरचं धुतलेलं उपरणं काढलं, घडी घालून ट्रेमध्ये अंथरलं नि त्यावर डबी ठेवली. तिथली तरणी पोरगी ते बघत थांबली, नि मग तिनं तो ट्रे दोन्ही हातांनी पुढं सरकवला. उतरल्यावर आणखी गंमत. आडत्याच्या खिशात धान्य नसेल तर तो आडत्या कसला? बंडीच्या खिशाच्या शिवणीत अडकलेले चार हरभरे अप्पांनाच सापडले, आणि कुणी विचारायच्या आधी त्यांनी ते तळहातावर घेऊन साहेबापुढं धरले. बसू गाडीत पोट धरून हसला. मला मात्र अप्पांचा अभिमान वाटला, आणि तो मी तेव्हाच बोलून दाखवला.

तिकडं डिसेंबरात उन्हाळा. येळवशीचे दिवस नि अंगाची लाही, हे मनाला पटतच नव्हतं. बसूचं घर गावाच्या शेवटाला. मागच्या कुंपणापलीकडं द्राक्षांची बाग, ओळीच्या ओळी, टेकडीपर्यंत. वाऱ्याबरोबर निलगिरीचा वास यायचा आणि कधी गंधकाचा, फवारणीचा. गंधकाचा वास आला की अप्पा चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभे राहायचे. आमच्या लातूरकडंही द्राक्षं असतात, त्यामुळं त्यांना कळत होतं. छाटणी चांगली हाय, पाणी मापात देऊन राहिला, असं ते मला सांगायचे. बागेचा मालक कॉलिन नावाचा उंच, उन्हानं लाल झालेला म्हातारा होता. त्यानं हात वर केला की अप्पा नमस्कार करायचे. तेवढीच ओळख.

येळवस जवळ आली तशी अप्पांची घालमेल सुरू झाली. मी म्हटलं, परसात करू, बसूच्या परसात गवत आहे, लिंबाचं झाड आहे. अप्पा म्हणाले, "परसात येळवस व्हत न्हाई बाई. पीक उभं पायजे." मग त्यांनी बसूला समोर बसवलं आणि रीतसर सांगितलं. त्या मालकाला इच्यार. त्याच्या रानात येऊ का म्हणावं. न्हाई म्हनला तर न्हाई, आपला काय हक्क न्हाई. आपल्याकडं येळवशीला विचारत नाहीत, पण हा मुलूख आपला नाही, म्हणून अप्पांनी स्वतःच हा मार्ग काढला होता. बसूनं मान हलवली. दोन-तीन दिवस अप्पा रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाकडं बघत. शेवटी बसू म्हणाला, विचारलं अप्पा, चालतंय म्हणाला. त्या रात्री अप्पा पोटभर जेवले.

येळवशीच्या सकाळी मी नि माझी भावजय कीर्ती पहाटेपासून राबलो. ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानातलं, तुरीचे नि वाटाण्याचे दाणे बर्फातले. बिंदगी कुठली मिळायला? आंबील स्टीलच्या डब्यात भरली. कडबा नाही म्हणून कीर्तीचा कपडे वाळत घालायचा स्टँड घेतला, तो उघडून उभा केला की बरोबर खोप होते. मला हसू आवरेना, अप्पासुद्धा मिशीत हसले. पांडव बसूच्या कुंडीतले, चुन्याऐवजी पीठ लावलेले. कीर्ती कामावर गेली. बसूही गेला, मीटिंग आहे म्हणाला, आणि जाताना त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही. तेव्हा मला ते कळलं नाही.

बागेच्या फाटकावर पाटी होती. न विचारता आत येऊ नये, दुसऱ्या रानातून आलेल्या पायताणानं मुळाची कीड येते, असं तिच्यावर लिहिलेलं मी वाचलं आणि अप्पांना सांगितलं. अप्पांना ते लगेच पटलं. त्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या, बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतले, मलाही धुवायला लावले. मग आम्ही आत गेलो. पहिल्याच दोन ओळींमध्ये, आत कुठं जायचं नाही म्हणाले. स्टँड उभा केला, शाल टाकली, दगड मांडले. द्राक्षं अजून कच्ची होती, हिरवी टणक. माश्या तोंडावर बसत होत्या. अप्पांनी कापूर लावला नाही. उन्हाळ्याचे दिवस, वाळलं गवत, दुसऱ्याच्या रानात आग नको. आणि मग त्या म्हाताऱ्या माणसानं डावा हात कानाशी धरून, आमच्या उदगीरच्या रानात देतात तशीच हाळी देत, वेलींच्या बुडाला आंबील शिंपली. सांगते तुम्हांला, मला भरून आलं. माती कुणाची का असेना, तिला कुणीतरी जेवू घालतंय असं वाटलं. शिंपून झाल्यावर अप्पांनी सगळ्यात आधी एक वाटी भरून बाजूला ठेवली. मालकाची.

मालक आलाच. हाळी ऐकून आला असणार. त्याची गाडी ओळीच्या टोकाला थांबली, तो उतरला, आणि खोपीकडं, दगडांकडं, ओल्या मातीकडं बघत उभा राहिला. अप्पांनी हसून वाटी पुढं केली. त्यानं घेतली नाही. त्यानं मला विचारलं, तुम्हांला आत कुणी सोडलं? आवाज चढवला नाही, पण चेहरा घट्ट होता. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, माझ्या भावानं तुम्हांला विचारलं होतं. तो म्हणाला, मला कुणीही विचारलेलं नाही.

"काय म्हणून राहिला?" अप्पांनी विचारलं.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं ते झालं. खरं सांगावं तर बसू खोटा पडतो. लपवावं तर हा माणूस खोटा पडतो, आणि रान त्याचं. मी आंबिलीच्या डब्याचं झाकण लावायला लागले. अप्पा माझ्याकडं बघत होते, मग कॉलिनकडं बघितलं, त्यानं हलवलेली मान बघितली. जन्मभर मोंढ्यात माणसाचा चेहरा वाचून सौदा केलेला माणूस तो. त्यांना कशाला भाषा लागते?

"बसूनं इच्यारलंच न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी वाटी खाली ठेवली नि हात जोडले. चूक झाली साहेब, असं मराठीतच दोनदा म्हणाले. आणि मग खाली बसून, ज्या मातीत आंबील मुरली होती ती माती ते दोन्ही हातांनी उकरायला लागले, शालीत भरायला. कॉलिन पुढं आला, नको नको म्हणत. माती इथून बाहेर न्यायची नाही, असं त्यानं मला सांगितलं. आत आणायचं नाही ते आणलं होतं, आणि आता बाहेर न्यायचं म्हटलं तर तेही चालत नव्हतं. अप्पांचे मातीचे हात तसेच अधांतरी राहिले. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. कॉलिन वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला, स्टँड त्यानंच उचलला. म्हणाला, विचारलं असतं तर कुंपणाबाहेरच्या झाडाखाली जागा दिली असती, बायकोलाही घेऊन आलो असतो. हे वाक्य मी अप्पांना भाषांतर करून सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून कळत नाही.

संध्याकाळी बसू आला. अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सोफ्याच्या कडेवर बसून होते. बसूच बोलला. म्हणाला, मी त्याच्या दारापर्यंत गेलो होतो अप्पा, परत आलो. मला लाज वाटली. त्याला काय सांगू, माती गरोदर असते नि आम्ही तिला जेवू घालतो?

"हाव," अप्पा म्हणाले. "तेवढंच सांगायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी बसू कॉलिनकडं गेला नि माफी मागून आला. कॉलिननं त्या दोन ओळींना पिवळ्या फिती बांधल्या, काही होतंय का बघायला. अप्पा रोज कुंपणापासून चार पावलं मागं उभे राहून त्या फितींकडं बघायचे. पानं पिवळी पडली का, असं मला विचारायचे, माझी नजर चांगली म्हणून. वेलींना काही झालं नाही. झालं ते अप्पांना झालं. आधी माझ्या ध्यानातच आलं नाही. एक दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाले, पाणी घेऊ का? मग दुपारी, जरा पडू का? टीव्हीसमोर, हितं बसू का? बसू काकुळतीला यायचा, अप्पा, तुमचंच घर आहे हो, असं काय करता? अप्पा मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी दोन शब्द सुनावले असते. आपल्याला कुठं बसायची मुभा आहे नि कुठं नाही, हे ज्याच्या भरवशावर कळायचं त्या पोराचाच शब्द खरा निघाला नाही, मग माणसानं दर वेळी स्वतः विचारून खात्री करून घेण्याखेरीज काय करावं?

मी पुष्कळ विचार केला. पाहुण्यानं यजमानाचा मान राखावा हे खरं, आणि अप्पांनी तो राखला होता, कॉलिननंही त्याच्या परीनं राखला. मग नासलं कुठं? पोरं दूर जातात, तिथं मान वर करून राहायचं म्हणून आपल्यातलं काय काय दडवतात, आणि म्हाताऱ्या बापासाठी तेच उघड सांगायची वेळ आली की तोंड चुकवतात. बसूवर मी चिडले, भांडले, पण त्याला दोषी ठरवून मोकळी झाले असं म्हणवत नाही. मी तिथं राहिले असते तर त्या दाराची घंटा मी वाजवली असती का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तर परवा. लातुरातून सकाळीच निघाले, उदगीरला अप्पांना घेतलं नि रानात गेलो. बसूचा फोन आला, अप्पा त्याच्याशी नीट बोलले, कीर्तीची चौकशी केली. हरभरा यंदा जोरात आहे. खोप झाली, पूजा झाली, अप्पांनी आंबील शिंपली. हाळी मात्र हलक्या आवाजात दिली, जवळ उभ्या असलेल्या मलाच ऐकू येईल एवढी. जेवणं झाली. वाटसरू आले, जेवून गेले. मला वाटलं, चला, आपल्या मातीत आले, आता सुटलं सगळं.

दुपार कलली. अप्पा उठले, बोअरवर पाय धुतले नि बांधाकडं निघाले. पलीकडं रशीदचाचा खोपीत नातवंडांबरोबर बसले होते, अप्पांना बघून त्यांनी नुसती घोंगडी झटकली. अप्पा बांधावर थांबले.

"रशीद, आत येऊ का?"

चाचांना वाटलं थट्टा आहे. ते हसले, नातवंडं हसली. अप्पा हलले नाहीत. चाचांचं हसू हळूहळू गेलं. ते उठून बांधाजवळ आले.

"क्या हुआ अप्पा? मेरे से कुछ चुक्या क्या?"

"न्हाई रे. तुजं रान हाय. इच्यारलेलं बरं."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. आमचं काही वाकडं आलंय का, पोरांमध्ये काही झालंय का, हेच त्यांच्या डोळ्यांत. एवढा मोठा समुद्रापलीकडचा घोटाळा बांधावर उभ्या-उभ्या मी काय सांगणार होते? मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं असणार, काहीतरी आहेच. ते परत गेले, वाटीभर आंबील घेऊन आले आणि बांधावरच अप्पांच्या हातात दिली, कारण पाय आत टाकायला अप्पा तयार दिसेनात. अप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उभ्यानंच प्याली, वाटी परत केली आणि म्हणाले,

"थँक यू."

रशीदचाचा रिकामी वाटी हातात घेऊन बांधावरच खाली बसले.